देहूरोडचा आठवा फेरा

लोक युरोप बघून येतात आणि वर्षभर त्यावर लिहितात. मी एका रविवारी निघोज्याहून देहूरोडला गेलो आणि दिवेलागणीला घरी परतलो. एवढ्याशा प्रवासाचं कसलं वर्णन, असं कुणीही म्हणेल. आमच्या घरात तर म्हणालेच. पण त्या दिवशी टेम्पोत जे सामान होतं आणि माझ्या शेजारी जो माणूस बसला होता, त्या दोघांमुळे तो रस्ता मला अजून लांबच लांब वाटतो. त्यातून मी पुरता उतरलेलो नाही.

थंडीचे दिवस होते. इंद्रायणीवरचं धुकं सकाळी आमच्या वर्कशॉपच्या आवारापर्यंत येतं आणि ऊन चढेपर्यंत तिथंच रेंगाळतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड, लाकूड कापायची दोन मशिनं आणि पाइनच्या फळ्यांचे ढीग. चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात, त्यांच्यासाठी आम्ही लाकडी पेट्या बनवतो. त्या सकाळी हातात चहाचा कप घेऊन मी शेडचं दार सरकवलं आणि तसाच उभा राहिलो. आवारात, धुक्याच्या मधोमध, एक काळं चौकोनी घर होतं. त्याचा खालचा हातभर भाग दिसतच नव्हता, म्हणून ते जमिनीला न टेकता उभं आहे असं वाटत होतं. वरच्या अंगाची सोनेरी पट्टी दवाने ओली झाली होती. कुत्री एरवी त्या आवारात धुमाकूळ घालतात, तीही लांब बसून बघत होती.

ते घर मीच बांधलं होतं. कुठला स्क्रू वाकडा गेलाय आणि कुठं खिळा ठोकून वेळ मारून नेलीय, हे मला पाठ होतं. तरी चहा निवेपर्यंत मी दारातच होतो.

ती मक्केतल्या काब्याची प्रतिकृती होती. हजला जाणाऱ्यांची आधी तालीम घेतात. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं असतात, त्यांना सगळं करून दाखवावं लागतं: इहराम (हजचे न शिवलेले दोन पांढरे कपडे) कसे गुंडाळायचे, आणि तवाफ, म्हणजे काब्याला डाव्या हाताला ठेवून सात फेरे, कसा घालायचा. नुसतं बोलून ते डोक्यात शिरत नाही. म्हणून देहूरोडला तालीम घेणाऱ्या मौलानांनी मला ही प्रतिकृती करायला सांगितली होती. सांगतानाच बजावलं होतं, "अल्ताफभाई, हे शिकवायचं सामान आहे. इबादतीचं नाही. त्यावर कुराणातल्या आयती लिहू नका, दरवाजा सजवू नका. साधं ठेवा." मी साधं ठेवलं. पेट्यांच्या उरलेल्या फळ्या, वर काळं कापड, आणि चिंचवडच्या पडद्यांच्या दुकानातून आणलेली सोनेरी पट्टी. आतल्या बाजूने फळ्यांवर पेट्यांचे छापे तसेच होते: वर दाखवणारा बाण, छत्री, काचेचा पेला. 'ही बाजू वर ठेवा, पाण्यापासून जपा, आत नाजूक माल आहे.' धंद्याची सवय अशी की मी सगळे बाण नीट वरच्या बाजूला येतील अशाच फळ्या जोडल्या होत्या.

तेवढ्यात अब्बा आले. माझ्या वडिलांनी सारी उमर एका कारखान्यात तयार माल तपासण्यात काढली. त्यांच्या हाताखालून चुकीचा नग कधी बाहेर गेला नाही, आणि घरात चुकीची पोळीही कधी बिनबोभाट खाल्ली गेली नाही. ते प्रतिकृतीभोवती फिरले, तेही उलट्या दिशेने. खिशातून गुण्या (सुताराचा काटकोन) काढला आणि एका कोपऱ्याला लावला.

"ह्यो कोपरा काटकोनात न्हाई," ते म्हणाले.

"अब्बा, लोक त्याला गुण्या लावायला येणार नाहीत."

"लोकांचं न्हाई इचारलं मी. कोपऱ्याचं बोलतोय."

आता या प्रवासात खरी अडचण काय होती ते सांगितलं पाहिजे. अब्बांचं आणि अम्मीचं नाव त्या वर्षीच्या हजसाठी लागलं होतं. आमची फुफू, म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, आणि तिचे मालकही जाणार होते. चौघांनी मिळून जायचं ठरलं होतं. मग गेल्या गणपतीच्या सुमाराला अम्मी गेली. तिचा चाळिसावा दिवस झाला त्या संध्याकाळी अब्बा म्हणाले, "मी जात न्हाई." का, ते सांगितलं नाही. फुफू रडली, तिच्या मालकांनी समजावलं, मी भांडलो. अब्बा ओट्यावर बसून सुपारी कातरत राहिले. आता सोमवारी फुफूला शेवटचं हो-नाही कळवायचं होतं आणि आज रविवार होता. फळ्या धरायला माणूस कमी पडतोय, अशी थाप मारून मी अब्बांना सोबत घेतलं होतं. थाप त्यांनी ओळखली असणारच. तरी आले.

बाळूचा टेम्पो आठच्या आत हजर झाला. बाळू निघोज्याचाच, जुन्या शेतकरी घरातला. जमीन कारखान्यांत गेली, त्यानंतर घरच्यांनी गाड्या घेतल्या, आणि बाळू त्यातल्या सगळ्यात जुन्या गाडीवर जीव लावून बसलाय. आम्ही नटबोल्ट सोडले, चारही बाजू आडव्या रचल्या, वर ताडपत्री बांधली. तवाफ जिथून सुरू होतो त्या कोपऱ्यासमोर मक्केत हिरवा दिवा असतो, म्हणून एक हिरवी ट्यूबलाइटही घेतली होती. ती चादरीत गुंडाळून वर ठेवली. बाळूने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, मी बिस्मिल्ला म्हटलं, अब्बा म्हणाले, "मागची दोरी ढिली हाय." आणि आम्ही निघालो.

निघोज्याचे रस्ते रविवारीही जागेच असतात. धुक्यातून मोठाले ट्रेलर येत होते, त्यांच्यावर नव्या गाड्या पांढऱ्या आवरणात गुंडाळलेल्या, एकामागून एक, अगदी हळू. रात्रपाळी संपवून निघालेली कंपनीची बस आमच्या शेजारून गेली. आतले सगळे झोपले होते, कपाळं काचेला टेकलेली. त्या क्षणी मला वाटलं, ह्या गाड्या, ही माणसं, सगळीच जणू इहराम गुंडाळून कुठेतरी निघाली आहेत आणि आम्हीच तेवढे काळं सामान घेऊन उलटे चाललो आहोत. अब्बा काचेतून बघत होते. त्यांनाही तसंच काही वाटत होतं का, हे विचारायची सोय नव्हती. असं विचारणारी आमच्या घरात एकच होती.

अम्मीचा एक छंद होता. हजहून कुणी परत आलं की लोक भेटायला जातात, खजूर खातात, मक्केतल्या जमजम विहिरीचं पाणी पितात, आणि गर्दी किती होती, हॉटेल किती लांब होतं, असलं विचारतात. अम्मी एकच विचारायची. चाकण असो, निगडी असो, कासारवाडी असो, ओळख असो वा नसो, ती हाजींच्या समोर बसायची आणि म्हणायची, "पहिली नजर पडली तवा कसं वाटलं?" म्हणतात की काब्यावर पहिली नजर पडताना मागितलेली दुआ कबूल होते, म्हणून लोक कायकाय घोकून जातात. कासारवाडीच्या एका भंगारवाल्या चाचांनी तिला सांगितलं होतं, "जमीन हलली. मग कळलं, माझेच गुडघे." निगडीच्या एका मास्तरांना पाठ केलेली एकही दुआ आठवली नव्हती, ते नुसते 'शुक्रिया, शुक्रिया' म्हणत राहिले. एकाने कबूल केलं की मला वाटलं त्याहून लहान दिसला, मग चालायला लागलो तेव्हा संपेचना. आणि चाकणच्या एक हाज्जिन नानी म्हणाल्या, "तौबा, मला माझी म्हैस आठवली. वाटलं, तिला कोण पाणी पाजत असंल." हे उत्तर अम्मीला सगळ्यात आवडायचं. का, विचारलं तर म्हणायची, "खोटं न्हाई बोलली. तिथं उभं ऱ्हाऊन जे सगळ्यात आवडीचं तेच आठवणार ना?" घरी आल्यावर ती हे सगळं अब्बांना सांगायची. अब्बा जेवता जेवता ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "मीठ कमी हाय."

इंद्रायणीचा पूल ओलांडून तळवड्यात शिरलो आणि एका गतिरोधकावर गाडी अशी उडाली की मागे काहीतरी कडकन वाजलं. चादर उघडून बघितली. हिरव्या ट्यूबचे तुकडे झाले होते.

"च्यायला," बाळू म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "सॉरी चाचा. पवित्र सामान हाय."

"ट्यूब हाय ती," अब्बा म्हणाले. "आणि सामान बी लाकडाचंच हाय."

आम्ही तिथंच एका टपरीवर थांबलो. गरम वडे नुकते निघाले होते. बाळूने पावात दोन-दोन मिरच्या कोंबल्या, अब्बांनी मिरचीचे देठ मोडून कागदावर नीट एका ओळीत ठेवले. चहा पिता पिता बाळूने, अगदी सहज, जे विचारायचं धाडस आम्हा घरच्यांना कधी झालं नव्हतं ते विचारून टाकलं.

"चाचा, तुमी का वं न्हाई चाललाय? नाव लागलंया म्हनं तुमचं."

मी चहाच्या ग्लासात तोंड घातलं. आता अब्बा उठून गाडीत जाऊन बसतील, असं वाटलं. पण ते बाळूकडे बघत होते. परक्याला सांगणं कधी कधी सोपं असतं.

"बाळ्या, मी रडनारा मानूस न्हाई," ते म्हणाले. "कारखान्यात मशीन फुटलं, मानसं पळाली, मी आदी मीटर बगितला. समजा, गेलो तितं. समोर काबा हाय. आणि मला काय बी वाटलं न्हाई तर?"

"तर काय? परत यायचं."

"परत येऊन सांगू कुनाला?" अब्बांनी ग्लास खाली ठेवला. "ती असती तर काय वाटलं न्हाई, ह्ये बी ऐकून घेतलं असतं तिनं. खूश झाली असती. म्हनली असती, खोटं न्हाई बोलला. आता इचारनारीच न्हाई. बगून करू काय?"

बाळूने चहाचे पैसे दिले, अब्बांनी रागावून परत करायला लावले, मग दोघांत जरा झटापट झाली. मी ट्यूबचे तुकडे गोळा करत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत एवढीच माझी धडपड होती. इतके महिने मी समजत होतो की अब्बांना प्रवासाची भीती वाटते, नाहीतर गुडघ्यांच्या दुखण्याची.

देहूरोडच्या जवळ आलो की झाडं वाढतात आणि आवाज कमी होतो. लष्कराच्या लांबच लांब भिंती, चुना मारलेले झाडांचे बुंधे, एका रेषेत कापलेल्या मेंदीची कुंपणं. धुकं आता विरळ झालं होतं आणि ऊन त्यातून तुकड्या-तुकड्यांनी खाली येत होतं. चौकात वाहतूक पोलिसाने आम्हाला थांबवलं. ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्याने सुटून फडफडत होता.

"काय भरलंय?"

"साहेब, हजच्या तालमीचं सामान हाय," बाळू म्हणाला.

हवालदाराने ताडपत्री वर केली. खाली काळं कापड आणि त्यावरची सोनेरी पट्टी दिसली. त्याने घातलेला हात तसाच मागे घेतला, ताडपत्री स्वतःच नीट दाबून बसवली आणि म्हणाला, "बांधून घ्या की राव नीट, उडून जाईल." मग त्याने दुसऱ्या बाजूची वाहनं हात करून थांबवली आणि आमच्या टेम्पोला एकट्याला चौक ओलांडू दिला. बाळू मंत्र्यासारखा ताठ बसून गाडी चालवत होता.

तालीम एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. झेंडूचा वास भरून राहिला होता, स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, आणि एक म्हातारी जोडी त्यात बसून डबा खात होती. ही जोडी मूळची लातूरकडची, मुलाबरोबर सांगवीत राहणारी. हळूहळू माणसं येत होती: पिंपरीचा एक रिक्षावाला, एक निवृत्त नर्सबाई, भोसरीचे दोघे वेल्डर भाऊ, आणि कितीतरी बायका. आम्ही मधोमध चारही बाजू उभ्या केल्या, बोल्ट आवळले. एका बाजूला हतीम (काब्यालगतची अर्धगोल बुटकी भिंत, फेरा तिच्या बाहेरून घालायचा असतो) मांडला. हिरव्या दिव्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

मौलाना शांत गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "कोपऱ्याशी एक माणूस उभा करू. लांबून दिसेल असा."

बाळूच्या टेम्पोत हिरवं रेडियमचं जाकीट होतं. ते घातल्याशिवाय कारखान्याच्या गेटमधून ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. बाळू धावत जाऊन घेऊन आला. जाकीट कोणाच्या अंगावर चढवायचं, याची चर्चा व्हायच्या आत ते अब्बांच्या अंगावर होतं, कारण ते त्याच कोपऱ्यापाशी वाकून गुण्या लावत बसले होते.

"चाचा, इथं बाजूला, फळीला पाठ लावून उभे राहा," मौलाना म्हणाले. "लोक हात कोपऱ्याकडे करतील, तुमच्याकडे नाही. तुम्ही फेरे मोजा. प्रत्येक फेऱ्याला बोटं वर करून दाखवा."

"मोजनीचं काम हाय?" अब्बांनी जाकिटाची चेन वर ओढली. "मग ठीक हाय."

मौलानांनी सगळ्यांना दाराबाहेर नेलं. "आत येताना नजर खाली ठेवा," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हा वर करा. तिथं असंच करायचं. आणि लक्षात ठेवा, ही तालीम आहे. इथं नियत, म्हणजे हजचा संकल्प, करायची नाही." लोक आत आले. कुणी आपल्या चपलांकडे बघत होतं, कुणी पुढच्याच्या टाचांकडे. हळू आवाजात 'लब्बैक' (मी हजर आहे) चाललं होतं. आधी ते शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटत होतं. मग आवाज एकमेकांत मिसळत गेले आणि त्या हॉलच्या पत्र्याखाली एक मंद गुणगुण भरून राहिली. मी स्टेजच्या पायरीवर बसलो होतो. उंच खिडकीतून आलेलं ऊन काळ्या कापडावर पडलं होतं, त्यात लग्नातल्या अक्षतांची धूळ तरंगत होती.

"आता," मौलाना म्हणाले, "नजर वर करा."

सगळ्या माना एकदम वर झाल्या.

मी ते कसं सांगू? ते माझं लाकूड होतं. त्याच्या पोटात छत्र्या आणि पेले छापलेले होते. समोरच्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं, मौलानांनी दहा वेळा सांगितलं होतं, त्यातल्या दोघांनी तर मला बोल्ट आवळायला मदत केली होती. तरी चेहरे बदलले. लातूरकडच्या त्या म्हातारीच्या तोंडातलं 'लब्बैक' तसंच राहिलं. रिक्षावाल्याने टोपी सारखी केली आणि हात डोक्यावरच विसरला. नर्सबाई हसत होत्या, पण ते हसणं आमच्यापैकी कुणासाठी नव्हतं. ते त्या फळ्यांकडे बघत नव्हते. फळ्यांच्या पलीकडे, महिन्यांच्या आणि समुद्राच्या पलीकडे जे आहे त्याच्याकडे आतापासूनच बघत होते.

आणि हे सगळे चेहरे अब्बांच्या समोर होते. मला फक्त एका बाजूने दिसत होते. त्यांना सगळेच्या सगळे दिसत होते. मी बघितलं, अब्बांनी मान वळवून मागे पाहिलं. पाठीमागे काय आहे, ते बघत होते. मग पुन्हा समोर बघितलं.

फेरे सुरू झाले. कोपऱ्यापाशी आलं की लोक उजवा तळवा उंचावत आणि 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणत पुढे सरकत. अब्बांनी एक बोट दाखवलं, मग दोन. एक वेल्डर हतीमच्या आतून शॉर्टकट मारायला निघाला, मौलानांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, लोक हसले, आणि हसत हसतच पुन्हा त्या गुणगुणीत शिरले. तिसऱ्या फेऱ्यानंतर चालण्याला एक लय आली. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. म्हातारी नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरून चालत होती आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यापाशी आली की सदरा सोडून दोन्ही हात वर करायची. एकच हात करायचा, हे तिला सांगून सांगून मौलाना थकले. मलाही कधी उठलो ते कळलं नाही. मी गर्दीच्या कडेने चालत होतो, डाव्या हाताला माझं स्वतःचं लाकूड, समोर कुणाची तरी पाठ, आणि मनात अम्मीचा आवाज, तो प्रश्न विचारणारा. आपण किती वेळ चाललो, हे मला सांगता येणार नाही.

"अहो, हा आठवा झाला!" नर्सबाई एकदम म्हणाल्या.

सगळे थांबले. सगळ्यांनी हिरव्या जाकिटाकडे बघितलं. अब्बांचे दोन्ही हात वर होते. सहा बोटं. कितीतरी वेळ ती सहाच होती, कारण अब्बा बोटांकडे बघतच नव्हते. लोकांनी त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवून फेरे चालू ठेवले होते.

"चुकलं," अब्बा म्हणाले. मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माजी मोजनी चुकली."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं. मौलाना जवळ गेले आणि त्यांनी अब्बांचे वर राहिलेले हात धरून खाली आणले.

"बरं झालं," ते लोकांना म्हणाले, "हेही शिकायचंच होतं. तिथं आकडा विसरतो. भल्याभल्यांचा विसरतो. सहा की सात असा संशय आला तर सहा धरायचे आणि एक घालायचा. जास्तीचा एक फेरा पदरात पडला म्हणून घाबरायचं नाही."

दुपारी जेवण होतं. भात आणि दालचा (चण्याची डाळ, दुधी आणि मटण यांचं आंबटसर कालवण). मटण न खाणाऱ्या बाळूसाठी मौलानांच्या घरून वेगळी बटाट्याची भाजी आली होती. ती संपवून त्याने नुसत्या भातावर चिंचेची चटणी घेतली आणि मनापासून दाद दिली. अब्बा रेडियमचं जाकीट घालूनच जेवायला बसले होते. कुणी काढायला सांगितलं नाही, त्यांच्याही लक्षात आलं नाही. ती लातूरकडची म्हातारी येऊन त्यांच्या पानात भात वाढून गेली आणि म्हणाली, "भाऊ, लई चालिवलं बगा तुमी. पाय मोकळे झाले." अब्बांनी पूर्ण जेवण संपवलं. मिठाबद्दल काही बोलले नाहीत.

परतताना ऊन कललं होतं. काळ्या फळ्या मागे बांधल्या होत्या, ह्या वेळी नीट. देहू मागे पडलं, तळवड्याची टपरी मागे पडली. रात्रपाळीच्या बसेस दिवे लावून निघोज्याकडे चालल्या होत्या आणि खिडक्यांत आता जागे चेहरे होते. मी विचार करत होतो. हजच्या जागेचा मोठेपणा तिथल्या दगडात आहे की जाणाऱ्याच्या डोळ्यांत, हा वाद मोठ्या लोकांनी घालावा. मला एवढंच कळलं होतं की माणूस आधी मनाने तिथं उभा राहतो, मग पायांनी जातो. आणि एकट्याने बघितलेलं कुणीतरी विचारल्याशिवाय पुरतं बघून होत नाही. अम्मी बिनशिकली, तरी हे ओळखून होती. तिने इतक्या लोकांना विचारलं ते स्वतःसाठी नव्हे, त्यांच्यासाठी होतं, असं आता वाटतं. मग मी धीर केला.

"अब्बा, त्यांनी नजर वर केली तेव्हा तुम्ही मागं वळून काय बघत होता?"

"मानसं अशी बगत व्हती," ते सावकाश म्हणाले, "की मला वाटलं, माझ्या मागं काय तरी उगडलंय. म्हनून बगितलं."

"मग?"

"तुजी फळी."

बाळू हसला. अब्बाही हसले, थोडेसे. मग म्हणाले, "तुजी अम्मी जलमभर जे इचारत फिरली ना, त्ये मी आज समोरून बगितलं. पहिली नजर. लोकांच्या तोंडावर. तिला बगायला पायजे व्हतं." त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि रडणारा माणूस नसूनही तो बराच वेळ पुसत राहिले.

समोर इंद्रायणीचा पूल आला. पाण्यावर पुन्हा धुकं धरू लागलं होतं. मी अम्मीच्या सुरात विचारायचा प्रयत्न केला. तो सूर मला नीट जमला नाही, पण शब्द तिचेच होते.

"आणि तुमाला? तुमाला कसं वाटलं, अब्बा?"

गाडी अर्ध्या पुलावर आली तेव्हा अब्बांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आज न्हाई," ते म्हणाले. "आल्यावर इचार."

मला समजायला पुलाचं दुसरं टोक यावं लागलं. बाळूला आधी समजलं. त्याने टेम्पो कडेला घेतला, कारण हलत्या गाडीत अब्बांना मोबाइलवर फुफूचा नंबर सापडत नव्हता.